कोंबडीचा बल्ब मेंढीच्या शेडमध्ये

चिकोडी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांची पूर्वी लेअर पोल्ट्री होती. ती बंद करून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये दिवाळीनंतर ४० मेंढ्या आणि २ मेंढे आणले. काही माडग्याळ, काही काळ्या डेक्कनी, सगळी बाजारातली खरेदी. लेअरला पहाटे आणि संध्याकाळी बल्ब लावून १६ तास उजेड दिला की अंडी वाढतात, हा त्यांचा हातचा अनुभव. परदेशात मेंढ्यांनाही असा उजेड देऊन वर्षाला दोन वेतं घेतात, असं एका व्हिडिओत पाहिलं आणि फेब्रुवारीपासून टायमर लावून १६ तास उजेड सुरू केला. मेंढे शिमग्यापासून कळपातच आहेत. आता निम्मा मे सरला, सोनोग्राफी केली तर ४० पैकी १७ गाभण निघाल्या. आता विचारतायत की उजेड १८ तास करू का, लाल बल्ब लावू का, उजेड मोजायचा लक्स मीटर घेऊ का.

तिन्हीचं उत्तर नाही. असलेला बल्बही आज रात्रीपासून बंद करा. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण खरा प्रश्न वेगळाच आहे. अडीच महिने दोन मेंढे सोबत असताना २३ मेंढ्या रिकाम्या का राहिल्या? मी रायबाग-अथणी पट्ट्यात २७ वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय, आणि रिकाम्या मेंढ्यांचं कारण उजेडात सापडलं असं एकदाही झालेलं नाही. तरीही उजेडाचं शास्त्र खोटं नाही. ते कुठल्या मेंढीला लागू पडतं, एवढंच बघायचं.

मेंढीच्या मेंदूत पिनियल नावाची बारीकशी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन रक्तात सोडते, उजाडलं की थांबते. मेलाटोनिन किती तास टिकलं यावरून मेंढीच्या शरीराला रात्रीची लांबी कळते. थंड देशातल्या मेंढीच्या बाबतीत रात्र वाढत चालली की बीजांडकोषाकडे जाणारे निरोप सुरू होतात आणि ती माजावर यायला लागते. कारण साधं आहे. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा. पानगळीच्या दिवसांत लागली तर वसंतात, बर्फ वितळून गवत फुटल्यावर कोकरू जमिनीवर पडतं. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत लागली तर कोकरू ऐन बर्फात पडेल आणि मरेल. म्हणून मोठ्या दिवसांत ती माजावरच येत नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. कोंबडी मोठ्या दिवसाची आणि मेंढी लहान दिवसाची. लेअरला १६ तास म्हणजे ‘अंडी घाल’ असा हुकूम, तर स्कॉटलंडच्या मेंढीला तेच १६ तास म्हणजे ‘अजून उन्हाळा आहे, थांब’. लाल बल्बाचंही तसंच. कोंबडीच्या कवटीतून उजेड थेट मेंदूपर्यंत जातो आणि लाल उजेड जास्त आत पोचतो, म्हणून पोल्ट्रीत लाल बल्बाचं कौतुक. मेंढीला दिवस-रात्र कळते ती फक्त डोळ्यांतून, आणि मंद लाल उजेडाने तिचं मेलाटोनिन फारसं दबतही नाही. रात्री विणाऱ्या मेंढीकडे बघायला जाताना बॅटरीला लाल कागद लावला तर कळप बुजत नाही, एवढाच मला त्याचा उपयोग सापडलाय.

व्हिडिओतही अर्धीच गोष्ट सांगितली असणार. १९४९ साली यीट्स नावाच्या संशोधकाने उजेडाचं वेळापत्रक उलटं करून मेंढ्यांचा हंगामच उलटवून दाखवला, तेव्हापासून हे तंत्र ठाऊक आहे. पण त्यात १६ तासांचा उजेड ही फक्त तयारी असते. साधारण दोन महिने मोठा दिवस द्यायचा, मग तो काढून घ्यायचा. उजेड काढल्यावर शरीराला वाटतं की दिवस लहान झाला, आणि तिथून सहा ते आठ आठवड्यांनी माज दिसायला लागतो. काम करतो तो बदल. बल्ब कायमचा लावून ठेवला तर काही महिन्यांनी शरीर त्याला दाद देणंच सोडतं. काही ठिकाणी १६ तास सलग न देता दिवस लहानच ठेवतात आणि उजाडल्यापासून १६ तासांनी, मध्यरात्रीच्या आधी, फक्त तासभर उजेड मारतात. तेवढ्यानेही मेंढी दिवस मोठा समजते. फ्रान्समध्ये कृत्रिम रेतनासाठी ठेवलेल्या नर मेंढ्यांना महिनाभर मोठा दिवस आणि महिनाभर लहान दिवस असं आलटून पालटून ठेवतात, म्हणजे वीर्य वर्षभर सारखं मिळतं. उजेड डोळ्यांच्या पातळीवर साधारण २०० लक्स लागतो. मीटर घेण्यापेक्षा संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यात खाली बसून ‘तरुण भारत’मधल्या छोट्या जाहिराती वाचता येतात का बघा, अंदाज येतो. आणि हे सगळं वेळेवर व्हायला हवं. आपल्याकडे ‘लाईट’ हा शब्द उजेडालाही आणि विजेलाही आहे, आणि दोन्ही कधी जातील सांगता येत नाही.

पण हे सगळं त्या मेंढीसाठी, जिला उजेडाचं कॅलेंडर आहे. तुमच्या मेंढीला ते आहे का?

बेळगाव आहे सुमारे १६ अंश उत्तरेला. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या आसपास आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान ११ तास १० मिनिटांच्या आसपास. फरक दोन तासांच्याही आतला. एडिंबरात उन्हाळ्यात साडेसतरा तास उजेड आणि हिवाळ्यात सातच तास, साडेदहा तासांचा फरक. तिथल्या मेंढीने दिवस मोजला तर नवल नाही. विषुववृत्ताकडे सरकावं तसं मेंढीचं हे हंगामी बंधन ढिलं होत जातं. आपली डेक्कनी, माडग्याळ, रायचूरकडची केंगुरी, या वर्षात कधीही माजावर येऊ शकणाऱ्या जाती आहेत.

‘कधीही येऊ शकणाऱ्या’ म्हटलं तरी आपल्याकडेही हंगाम असतोच, हे कुठलाही धनगर सांगेल. फक्त तो उजेडाचा नसतो. मी नवा होतो तेव्हा रायबागजवळच्या एका वाड्यावर म्हाताऱ्या धनगराला विचारलं होतं, बकरी, म्हणजे मेंढ्या, कधी लागतात? ते म्हणाले, “मिरगाचं हिरवं तोंडाला लागलं की महिन्याभरात.” हेब्बाळच्या कॉलेजात चार वर्षं शिकून आलो होतो मी, मला ते गावठी वाटलं. नंतर हिशेब केला. मृगाचा पाऊस ७-८ जूनच्या पुढे, गवत फुटतं, आणि जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत कळपात माज भरात असतो. कोकरं पडतात मार्गशीर्षापासून पौषापर्यंत. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांच्या आसपास आपली मेंढी माजावर येते. स्कॉटलंडच्या मेंढीची त्याच दिवसांत कडक सुट्टी असते. दिवसाच्या लांबीवर चालणारी असती तर आपल्या मेंढीने जुलैत मेंढ्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

मी स्वतः हा खेळ करून बसलोय, तेही सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये १२ मेंढ्यांना दोन महिने ट्यूबलाईट लावून १६ तास उजेड दिला आणि मग बंद केला. शेजारच्या खणात बिनबल्बाच्या १२ ठेवल्या. बल्बवाल्या जास्त लागल्या. मी महिनाभर छाती काढून सांगत फिरलो. मग तिथला गडी एक दिवस चहा पिताना सहज बोलून गेला, “सायेब, लाईट असली की बकरी रातभर तोंड चालवत्यात. गव्हाण रिकामी दिसली की मी बी आनी कडबा, मूठभर मका टाकत हुतो.” झालं! बल्ब मेंदूपर्यंत पोचलाच नव्हता, तो तोंडापर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी बिनबल्बाच्या खणात तोच जादा मका घातला आणि निकाल तसाच आला. १२-१२ मेंढ्यांवरून शास्त्र ठरत नाही हे मान्य, पण माझं डोकं ताळ्यावर यायला तेवढं पुरलं.

तर तुमच्या बल्बाने नुकसान केलं का? फार नाही. फायदा तर नाहीच. एक गंमत मात्र होऊ शकते. आज बल्ब बंद केलात आणि जुलैत मेंढ्या धडाधड माजावर आल्या, तर ते श्रेय बल्बाला जाईल. उजेड काढून सहा-आठ आठवडे झालेले असतील, हिशेब तंतोतंत जुळेल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा टायमर लावाल. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता त्या २३ मेंढ्यांकडे येऊ. आधी आकडा थोडा सैल धरा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत साधारण ४० दिवसांच्या आतली गाभण सुटते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर लागलेल्या काही त्यात दिसल्या नसतील. जूनच्या शेवटी पुन्हा बघा, दोन-चार वाढतील. पण वीस मेंढ्या रिकाम्या राहिल्या तरी आकडा वाईटच आहे.

मला पहिला संशय मेंढ्यांवर, म्हणजे नरांवर आहे. जुनं पोल्ट्री शेड, पत्रा, एप्रिल-मे. चिकोडी-अथणीकडे या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. मेंढ्याची बीजं शरीराबाहेर लोंबतात ती थंड राहावीत म्हणूनच. ती तापली की वीर्य बिघडतं, आणि बिघडलेलं लगेच दिसत नाही. एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सात-आठ आठवडे लागतात. म्हणजे एप्रिलच्या झळांचा हिशेब जूनपर्यंत चुकवावा लागतो. मेंढा मात्र जोमात उडत असतो, त्यामुळे मालकाला शंका येत नाही. हाताने चाचपून बघा. दोन्ही बीजं सारख्या आकाराची, कच्च्या पेरूसारखी घट्ट हवीत. पिकल्या पेरूसारखी दबत असतील, एक लहान-एक मोठं असेल, बीजाच्या खालच्या टोकाशी गाठ लागत असेल, तर तो मेंढा विका. दोन मेंढे एकत्र असले की आणखी एक होतं. दांडगा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, आणि दांडगाच नेमका वांझ असेल तर चांगला मेंढा कोपऱ्यात उभा आणि मेंढ्या रिकाम्या.

दुसरा संशय खरेदीवर. राग मानू नका, पण चांगली विणारी तरणी मेंढी बाजारात कोण आणतं? धनगराच्या वाड्यावरून बाजारात येते ती दोन वर्षं उलटणारी, म्हणजे मेंढा लागूनही पुन्हा माजावर येणारी, दात पडलेली, एक सड बसलेली किंवा गाभडलेली, म्हणजे गर्भ पडलेली. अडचणीमुळे चांगलीही निघते, पण ४० च्या ४० तशा नाही मिळत. एकेकीला धरून दात बघा, कास दाबून बघा. गेल्या वर्षात गाभडलेल्या असतील तर रक्त तपासून ब्रुसेलाची खात्री करा. तो रोग माणसाला लागतो. विलेल्या मेंढीची वार उघड्या हाताने ओढायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती आधी सोडा.

तिसरं म्हणजे खाणं. तुम्ही लिहिलं नाही, पण चिकोडीत मे महिन्यात मेंढीपुढे काय असतं ते मला माहीत आहे: उसाचं वाढं आणि ज्वारीचा कडबा. वाढ्यावर पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं आणि प्रथिनांच्या नावाने शंख. पाठीच्या कण्यावर हात ठेवा. मणके करवतीच्या दातांसारखे लागले तर ती मेंढी माजावर येणार नाही, आली तरी एकच बीजांड सोडेल. कणा लागतो पण बोटांना गोल लागतो, वर थोडं मांस आहे, अशी अंगकाठी हवी. लोण्यासारखी गुबगुबीतही नको.

आणि एक आठवण करून देतो, कारण तुमच्याकडे पोल्ट्री होती. लेअर फीडची उरलेली पोती असतील तर ती मेंढ्यांना चुकूनही घालू नका. त्यात तांब्याचं प्रमाण कोंबडीच्या मानाने असतं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर दगावतं. गाईचं मिनरल मिक्श्चरसुद्धा डब्यावर मेंढीसाठी असल्याचं लिहिलेलं नसेल तर घालू नका.

मग यातलं कुठलं कारण तुमच्याकडे आहे? हे घरबसल्या ओळखता येतं, वीस-तीस रुपयांत. काव माहीत आहे ना, भिंतीला लावतात ती? ती गोडेतेलात शिऱ्याइतकी दाट कालवायची आणि मेंढ्याच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे, चोळून लावायची. मेंढा ज्या मेंढीवर उडेल तिच्या ढुंगणावर काव उमटते. रोज सकाळी वही घेऊन उभं राहायचं आणि कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहायचे. दोन-तीन दिवसांनी काव पुन्हा लावायची. मेंढीचा माज १७ दिवसांनी फिरून येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो, म्हणून १७ व्या दिवशी रंग बदलायचा. कपड्याची नीळ तेलात कालवली की काम होतं. काळ्या डेक्कनीवर काव दिसत नाही हे मी पहिल्या वेळी मेंढ्या रंगवून झाल्यावर शिकलो. तिथे आधी पिवडी आणि मग पांढरी खडूची पूड घ्या.

वाचायचं असं. पहिला रंग लागला आणि दुसरा लागलाच नाही, ती बहुतेक गाभण. एखाद-दुसरी दोन्ही रंगांची असणारच. पण निम्म्याहून जास्त मेंढ्यांवर दोन्ही रंग दिसले, म्हणजे माजावर येतायत, मेंढा उडतोय आणि उलटतायत, तर दोष मेंढ्यात, म्हणजे नरात. एकही रंग नसलेल्या मेंढ्या जास्त निघाल्या तर त्या माजावरच आल्या नाहीत. मग खाणं, वय, आजार बघायचा. लक्स मीटर तुम्हाला यातलं काही सांगणार नाही.

वर्षाला दोन वेतांचं स्वप्नही एकदा कागदावर मांडून बघा. १५० दिवस गाभण, उरले ३२ दिवस, तेवढ्यात विलेली मेंढी पुन्हा लागली पाहिजे. गर्भाशय पूर्ववत व्हायलाच महिना जातो आणि कोकरू अंगावर पीत असतं. एखादी मेंढी करून दाखवेल, कळप करणार नाही. दोन वर्षांत तीन वेतं मात्र जमतात: १५० दिवस गाभण, ९० दिवस मोकळी, आठ महिन्यांचा फेरा. जुलैत लागली तर डिसेंबरात विते, मार्चमध्ये पुन्हा लागून ऑगस्टात, नोव्हेंबरात लागून एप्रिलात. यातला मार्चचा माज सगळ्यात कठीण, कारण तेव्हा हिरवं नाही आणि ऊन आहे. नेमका त्याच महिन्यात तुम्ही पहिला प्रयत्न केलात. ऑगस्टातलं विणं कसं जाईल ते गावावर अवलंबून आहे. अथणीकडे चालून जाईल. खानापूर-कणकुंबीच्या पावसात ऑगस्टचं कोकरू म्हणजे न्यूमोनिया आणि कुजलेले खूर, तिथे मी आठ महिन्यांचा फेरा कुणाला सुचवत नाही. तुम्ही दोन्हींच्या मधले, त्यामुळे शेड किती कोरडं राहतं यावर ठरवा.

एका वेताला दोन कोकरं हवी असतील तर तेही उजेडातून येत नाही, रक्तातून येतं. सुंदरबनातल्या गरोल मेंढीत जुळं-तिळं देणारं फेकबी नावाचं जनुक आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने ते डेक्कनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. ती घेणार असाल तर आईला दोन कोकरांपुरतं दूध येईल इतकं खायला घालायची तयारी ठेवा, नाहीतर दुसरं कोकरू बाटलीवर वाढवत बसाल.

तर आता काय करायचं? बल्ब बंद. दोन्ही मेंढे आजच कळपातून काढा आणि शेजाऱ्याच्या वस्तीवर ठेवा, अर्धा किलोमीटर तरी लांब. दिसता कामा नये, वास येता कामा नये, आवाजही नाही. हे मी फक्त आरामासाठी सांगत नाही. सतत सोबत असलेल्या मेंढ्याची मेंढीला सवय होते. महिना-दीड महिना तो पूर्ण नजरेआड गेला आणि मग अचानक समोर आला, की त्याच्या वासानेच तिच्या शरीरात चक्र सुरू होतं. दोन-तीन दिवसांत बीजांड सुटतं, पण तो माज मुका असतो, दिसत नाही. दिसणारा माज येतो १७ ते २६ दिवसांच्या दरम्यान, आणि बऱ्याच मेंढ्या त्या आठ-दहा दिवसांत एकदम येतात. थंड देशातल्या हंगामी मेंढीपेक्षा आपल्यासारख्या सैल हंगामाच्या मेंढीवर ही युक्ती चांगली चालते. बल्बाला वीज लागते, हिला काहीच नाही.

मेंढ्यांना, म्हणजे नरांना, आजपासून झाडाची सावली, भरपूर पाणी आणि रोज पाव-अर्धा किलो भरडा. जुलैत जे वीर्य वापरायचं ते मेच्या शेवटापासून घडणार आहे, म्हणून आज सुरू करायचं, जूनच्या अखेरीस नाही. पाऊस पडून गवत फुटलं की माद्यांना जंताचं औषध द्या, आणि मेंढे सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून प्रत्येकीला २०० ते ३०० ग्रॅम मका आणि शेंगदाणा पेंड. मेंढे सोडल्यावरही दोन-तीन आठवडे तेच. आत्ता गाभण असलेल्या १७ वेगळ्या काढा. त्यांचं खाणं शेवटच्या दीड महिन्यात वाढवायचं असतं आणि त्यांना पुन्हा मेंढा नको. त्या ऑगस्टपासून वितील, तेव्हा शेडचा एक कोपरा पावसाच्या झडीपासून आत्ताच बंद करून घ्या.

मेंढे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोडा, काव लावून. नजरेआड राहून आलेल्या मेंढ्यामुळे दिसणारा माज २६ व्या दिवसापर्यंत येतो, म्हणून या वेळी रंग १७ व्याऐवजी २६ व्या दिवशी बदला. एका मेंढ्याला २५-३० मेंढ्या पुरतात. तुमच्या २३ ला एकच पुरे, पण दुसरा राखीव असू दे. दिवसाआड पालटलात तर भांडणंही टळतात. ४५ ते ५० दिवसांनी दोघेही बाहेर. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे स्पंज योनीत ठेवून सगळ्यांना एकाच दिवशी माजावर आणता येतं, राजस्थानातल्या अविकानगरच्या मेंढी संशोधन संस्थेने बनवलेला अविकेसिल-एस त्यासाठीच आहे. पण अंगकाठी नसलेल्या मेंढीला स्पंज म्हणजे पैसे पाण्यात. तो विचार पुढच्या वर्षी.

उजेडाचा प्रयोग कुणी करावा, हेही कुणीतरी विचारेलच. थंड मुलखातल्या रक्ताचे नर-माद्या पाळणाऱ्याने विचार करायला हरकत नाही. त्यांचं जुनं कॅलेंडर इथे येऊनही काही प्रमाणात चालू राहतं. त्यांनी दोन महिने उजेड देऊन मग काढून घ्यावा. बाकी आपल्या मेंढीला गव्हाणीतलं कळतं. आणि मेलाटोनिनच्या माणसांच्या गोळ्या कुटून भरड्यात घालू का, असं मागे एकाने मला फोनवर विचारलं होतं. नको.

टायमर विकू नका, तो ऑगस्टात विण्याच्या कोपऱ्यातल्या एका बल्बाला उपयोगी पडेल. ऑगस्टच्या अखेरीस वही घेऊन बसा आणि मला तीन आकडे कळवा: फक्त पहिल्या रंगाच्या किती, दोन्ही रंगांच्या किती, आणि कोऱ्या किती. कोणत्या मेंढीवर कोणता मेंढा उडाला तेही लिहिलंत तर कुठला मेंढा ठेवायचा ते लगेच सांगता येईल.